नऊ वर्षांच्या मुलीसाठी एकेरी वॉटर स्की: कोणती आणि केवढी?

तळ्याकाठची (३ मे, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मुलांच्या खेळांच्या विभागात क्रिकेट, टेनिस, बुद्धिबळ सगळं सापडलं, वॉटर स्कीइंग काही सापडलं नाही. म्हणून नवा धागा काढते आहे.

आम्ही मिनेसोटात, रॉचेस्टरला राहतो. इथून पाऊण तासावर लेक सिटी नावाचं गाव आहे, मिसिसिपी नदी जिथे पसरून लेक पेपिन होते तिथे. हे गाव स्वतःला वॉटर स्कीइंगचं जन्मगाव म्हणवतं. १९२२ च्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएलसन नावाच्या १८ वर्षांच्या पोराने इथेच बोटीमागे फळ्यांवर उभं राहून दाखवलं. आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की, आणि शेवटी लांब फळ्या आणून त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून वाकवली. (आईने नंतर त्या भांड्याचं काय केलं, हा माझ्या लेकीचा पहिला प्रश्न.)

तिला हे खूळ शेजारच्या आजी-आजोबांमुळे लागलं. त्यांचं एका लहानशा तळ्यावर केबिन आहे, जुनी बोट आहे आणि स्वतःची नातवंडं लांब कॅलिफोर्नियात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी हिला दोन स्कींवर उभं केलं. आधी बोटीच्या कुशीतून बाहेर काढलेल्या आडव्या दांड्याला धरून, मग दोराने. ऑगस्ट संपेपर्यंत बाई बोटीमागची लाट या बाजूने त्या बाजूला ओलांडायला लागल्या होत्या. आता आजोबा म्हणतात, यंदा एकाच स्कीवर, दोन्ही पाय एकामागे एक. स्लॅलम.

मुलीचे आकडे: वय ९ पूर्ण, उंची ४ फूट ४ इंच, वजन ६२ पौंड म्हणजे साधारण २८ किलो. बुटाचा नंबर इथल्या मुलांच्या मापात २.

सल्ले तीन मिळालेत. नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण आपली जुनी ६७ इंची स्की फुकट द्यायला तयार आहे. एका दुकानातल्या माणसाने मुलीची उंची विचारली आणि थेट कार्बनची महागडी स्की समोर ठेवली, "पुढे स्पर्धेत उतरली तर उपयोगी पडेल" म्हणून. आणि साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर आईचा सल्ला: "वाढत्या अंगाची घे गं, दोन वर्षं तरी निघाली पाहिजेत." माझे शाळेचे सगळे युनिफॉर्म याच तत्त्वावर शिवले गेले होते. दहावीपर्यंत माझ्या स्कर्टच्या दुमडीत आणखी एक स्कर्ट मावला असता.

नवरा फुकटच्या बाजूने आहे. मला ती स्की भिंतीला टेकवलेली पाहिली तेव्हा मुलीपेक्षा सव्वा फूट उंच दिसली. लांबी कशावर ठरवायची? मागच्या पायाला पूर्ण बूट हवा की नुसता पट्टा? कोणता पाय पुढे, हे कसं कळतं? बजेट ३०० डॉलर. त्याच्या पलीकडे गेले तर घरात चौकशी समिती बसेल.

बंड्या_जर्सीकर (३ मे, रात्री १०:१५)

तारकर्लीला बनाना राइड केली होती, पडलो, चष्मा समुद्राला दिला. माझा अनुभव एवढाच. पण फुकटची का सोडता? मोठी स्की म्हणजे जास्त तरंगणार, लहान मुलीला सोपंच ना? वाचतोय.

दांडीकर (४ मे, सकाळी ६:५०)

बंड्याभाऊ, प्रश्न अर्धा बरोबर आहे. तिथूनच सुरुवात करतो.

मी मूळ मालवणचा, आता बरीच वर्षं फ्लोरिडात, विंटर हेवनला. आमच्या गावात सायप्रस गार्डन्स होतं, १९३६ साली सुरू झालेलं. तिथले वॉटर स्कीचे खेळ बघायला लांबलांबून लोक यायचे. आता त्या जागेवर लेगोलँड आहे. अशा गावात राहून दोराला हात न लावणं म्हणजे पंढरपुरात राहून चंद्रभागेत पाय न भिजवण्यासारखं. मी ३४ व्या वर्षी शिकलो आणि आजही बेताचाच आहे. बोट मात्र बरी चालवतो. शनिवारी सकाळी क्लबातल्या पोरांना ओढायचं काम माझ्याकडे असतं. एका स्कीवर उभी राहणारी पुष्कळ पोरं आरशात पाहिलीत, बुडणारी त्याहून जास्त.

आता मुद्दा. स्की माणसाला तरंगवत नाही. स्कीवर बसून राहिलात तर बुडालच. बोट ओढायला लागली की खालून येणारं पाणी तळावर आपटतं आणि ते तुम्हाला उचलतं. ही उचल दोन गोष्टींवर असते: तळ किती मोठा आणि वेग किती. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. म्हणून स्की निवडताना दोनच आकडे लागतात, वजन आणि बोटीचा वेग. उंचीचा संबंध नाही. दुकानात कोणी आधी उंची विचारली तर समजा, त्याने स्की विकल्यात, कुणाला ओढलेलं नाही.

६२ पौंडांची मुलगी एका स्कीवर ताशी १७ ते २० मैलांत छान चालते. त्या वेगात ६७ इंची स्की तिला उचलेल का? सहज उचलेल. इथपर्यंत बंड्याभाऊ बरोबर. पण उठायच्या आधी मूल पाण्यात गुडघे छातीशी घेऊन बसलेलं असतं, स्कीचं टोक पाण्याबाहेर, आणि ते टोक त्याला सरळ धरून ठेवायचं असतं. एवढी लांब फळी पाण्यात २८ किलोच्या मुलीचं ऐकत नाही. ती डावीकडे लवंडते, मुलगी तिच्यामागे लवंडते, आजोबा बोट परत वळवून आणतात, पुन्हा तेच. समजा उठलीच, तर स्की कडेवर कलतच नाही. स्लॅलमची सगळी मजा त्या कलण्यात. मोठ्या स्कीवर लहान मूल म्हणजे मालगाडीच्या टपावर उभा माणूस. गाडी नेईल तिकडे जायचं.

हे पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या थोरल्याला मी असंच गराज सेलमधून ६५ इंचीचं धूड १५ डॉलरला आणलं होतं. तो तेव्हा ७० पौंडांचा. एका सकाळी ११ वेळा ओढला. बाराव्यांदा त्याने हँडल माझ्या दिशेने भिरकावलं आणि पोहत काठावर गेला. त्यानंतर तो पूर्ण उन्हाळा दोराच्या जवळ आला नाही. घरात अजूनही मी काही स्वस्त आणलं की बायको फक्त "पंधरा डॉलर" एवढंच म्हणते.

तर लांबी: ६० ते १०० पौंडांच्या मुलांना ढोबळमानाने ५५ ते ५९ इंच. शंभरच्या आसपास गेली की ६१-६३. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, तो वजनाच्या रकान्यातून वाचा. कॉनली, एचओ, रडार, ओब्रायन हे सगळे मोठे ब्रँड; नावावर भांडू नका, आकारावर बघा.

आकार म्हणजे काय ते सांगतो, कारण खरी निवड इथे आहे. लांबीपेक्षा रुंदी पाहा. पुढच्या बुटाखाली आणि त्याच्या पुढे स्की पोटात रुंद असेल तर कमी वेगात उठणं सोपं जातं आणि लांबीचा त्रासही होत नाही. स्की उलटी करून तळ बघा. मध्ये पन्हळीसारखा खोलगट भाग असतो. ही पन्हळ टोकाजवळून शेपटीपर्यंत सलग असेल तर स्की रुळावर चालल्यासारखी सरळ जाते, शिकणाऱ्याला तेच हवं. मग कडेवरून अंगठा फिरवा. कड गोलसर असेल तर चूक पोटात घालते, धारदार असेल तर चुकीची शिक्षा तिथल्या तिथे. कार्बनची स्की हलकी आणि ताठ असते, ताशी ३० मैलांवर वळणाऱ्यांसाठी ते ताठपण कामाचं. ६२ पौंडांच्या मुलीच्या वजनाने ती वाकणारच नाही, मग पैसे कशाचे दिले? साधी फायबरग्लासची, थोडी लवणारी घ्या.

खाली शेपटीशी धातूचं पातं असतं, फिन. ते कंपनीने जिथे लावलंय तिथेच राहू द्या. मोठी माणसं कॅलिपर लावून ते केसभर पुढे-मागे करतात आणि आठवडाभर त्यावर बोलतात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, आजोबांनाही जाऊ देऊ नका.

आणि आता साताऱ्याच्या आजींसाठी. स्कीमध्ये वाढत्या अंगाची थोडी सोय आहे: ६२ पौंडांची मुलगी ५८-५९ वर उभी करा, ९० पौंडांपर्यंत तीच चालेल. तेवढं आजींचं बरोबर. पण बूट वाढत्या पायाचा कधीच नाही. बूट सैल असला की टाच आत उचलली जाते, मुलगी वळायला दाबते आणि दाब स्कीपर्यंत पोचतच नाही. पडताना तर फार वाईट, पाय अर्धा बाहेर, अर्धा आत, आणि घोटा मधल्यामध्ये पिळतो. बोटं पुढे टेकलेली, टाच घट्ट, असा बूट हवा. कोरडा पाय आत जात नाही म्हणून सैल घेऊ नका. पाय ओला करा, थोडं साबणाचं पाणी घाला, सर्रकन जातो. मुलांचे बूट मागेपुढे सरकवता येतात, चार-पाच नंबर एकाच बुटात बसतात. वाढीची सोय तिथे करून ठेवलेली आहे, वेगळी करायला नको.

मागच्या पायाला माझ्या मते नुसता पट्टा. पाण्यातून उठताना मूल मागचा पाय बाहेर ठेवून तो सुकाणूसारखा ओढत नेऊ शकतं, तोल जात नाही. उठलं की सावकाश पाय पट्ट्यात सरकवायचा. बोटीकडे बघत. पायाकडे बघितलं की गेलं.

कोणता पाय पुढे? तिला लंगडी घालायला सांगा. ज्या पायावर घालते तो बहुधा पुढचा. पक्का निकाल मात्र पाण्यावर: दोन स्कींवर जाताना एक पाय दोन इंच उचलायला सांगा, मग दुसरा. ज्या पायावर ती शांत उभी राहते तो पुढे. डावा की उजवा यात चांगलं-वाईट काही नाही.

लाइफ जॅकेटला मात्र आजींचा नियम अजिबात लावू नका. मोठं जॅकेट पडल्या पडल्या सरकून कानापर्यंत येतं. तुमच्या राज्यात १० वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत ते घालणं तसंही सक्तीचं आहे. स्कीच्या ३०० डॉलरांतून कापावं लागलं तरी ते मापाचं घ्या.

तळ्याकाठची (४ मे, दुपारी १२:३०)

दांडीकर, दंडवत. तुमचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला, आणि "मालगाडीच्या टपावर" ऐकल्यावर नवऱ्याने ६७ इंची विषय सोडला. म्हणजे बोलायचं सोडला.

लंगडीची गंमत. आमच्या मुलीला लंगडी माहीतच नव्हती. आईने व्हिडिओ कॉलवर, साताऱ्याच्या गॅलरीत, ६८ व्या वर्षी, कठड्याला धरून घालून दाखवली. मग इकडे दिवाणखान्यात अर्धा तास चालली. दर वेळी उजव्या पायावर. शाळेतली एक मैत्रीण म्हणाली की उजवा पाय पुढे असला की 'गूफी' म्हणतात, तेव्हापासून हिला ते नाव मिरवायचं आहे.

एक अडलंय. आजोबा म्हणतात, मागेही पूर्ण बूटच हवा, पट्ट्यातून पाय निसटतो. तुम्ही नेमकं उलट सांगता.

यारातीरी (५ मे, सकाळी ७:०५)

मी तुमच्या आजोबांच्या बाजूने.

आम्ही मेलबर्नला. इथे दर मार्चमध्ये भर शहरात, यारा नदीवर मूम्बा मास्टर्स नावाची वॉटर स्कीची स्पर्धा भरते. पुलावर उभं राहून फुकट बघता येते. माझ्या मुलाने सातव्या वर्षी ती बघितली आणि घरी येऊन इस्त्रीच्या टेबलावर कलायला लागला. मी त्याच्यासाठी आधी पट्टावाली घेतली होती. पाण्यातून उठताना दुसरा पाय बाहेर लोंबता ठेवा, मग पट्ट्यात घाला, हे मोठ्यांना जमतं. २५ किलोच्या पोराचा बाहेरचा पाय पाण्याच्या मारानेच मागे खेचला जायचा आणि तो आडवा व्हायचा. एकदा उभा राहिला तर मागचा पाय पट्ट्यातून उसळून बाहेर. दोन्ही बूट घातल्यावर तिसऱ्या फेरीत उठला.

दांडीकरांची घोट्याची भीती खोटी नाही. म्हणून दोन्ही बूट घ्यायचे तर दोन्ही सारखेच घट्ट हवेत. पडल्यावर एक पाय सुटला आणि दुसरा अडकला तर मोडतोड होते. सुटायचे तर दोन्ही, राहायचे तर दोन्ही. पुढचा करकचून आणि मागचा सैल, हे सर्वांत धोक्याचं.

आणखी एक, सगळ्यांच्याच डोक्यात गोंधळ असतो म्हणून. स्लॅलम स्की घेतली म्हणजे लगेच स्लॅलमचा कोर्स (तरंगत्या बोयांना वळसे घालत जायची स्पर्धेची वाट) नाही. पूर्ण कोर्स २५९ मीटरचा असतो, वळायचे बोये ६, प्रत्येक मधल्या रेषेपासून ११.५ मीटर बाहेर. पहिला दोर १८.२५ मीटर, तो जमला की आखूड करत जायचा. ११.२५ पासून दोर बोयापर्यंत पोचतच नाही, स्कीअरला अंग बाहेर झोकून स्की बोयापलीकडून न्यावी लागते. मोठ्या बायकांच्या स्पर्धेत वेग ताशी ५५ किलोमीटर, पुरुषांच्या ५८. आपली पोरं या सगळ्यापासून चार-पाच उन्हाळे लांब आहेत. माझा मुलगा आता १३ चा आहे, या वर्षी पहिल्यांदा सहाही बोये फिरला, तेही ताशी ४० च्या आत. तेव्हा कोर्सची स्की आत्ता घेऊ नका, उठण्याची घ्या.

दांडीकर (५ मे, संध्याकाळी ६:२०)

यारातीरी ताई, मान्य, निम्मं. हलकं पोर असेल तर बाहेरचा पाय त्रास देतो, हे मी पाहिलंय. पण त्यात किती दोष पट्ट्याचा आणि किती बोट चालवणाऱ्याचा, हे मला कधी नीट कळलेलं नाही. माणसं मोठ्यांना ओढतात त्याच झटक्याने पोरांना ओढतात. १९० पौंडांच्या माणसाला पाण्यातून काढायला जो जोर लागतो, त्यात २८ किलोच्या मुलीच्या हातातून हँडल तरी जातं नाहीतर ती स्कीवरून पुढे झोपते. हलक्या मुलाला आधी बोट नुसती गियरमध्ये टाकून चालत्या वेगात ओढायची. दोर ताणला, टोक वर आलं, मूल शांत झालं, की मग गॅस हळूहळू, दुधाखालची आच वाढवावी तसा. तीन-चार सेकंद लागू देत. मुलाने काहीच करायचं नाही, हात सरळ, गुडघे मिटलेले, बोटीने उठवेपर्यंत बसून राहायचं. स्वतः उठायला गेलं की पडलं.

तुमच्या लेक सिटीच्या त्या पोराला पण हेच उमगायला काही दिवस लागले होते. स्कीची टोकं पाण्याच्या पातळीत ठेवून तो सारखा बुडत होता. टोकं वर काढून मागे झुकला तेव्हा २ जुलैला उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला १९ पूर्ण झाली. बोट त्याचा भाऊ चालवत होता, त्या भावाचं नाव कुणी घेत नाही. बोट चालवणाऱ्यांचं असंच असतं.

आजोबांचा हात हलका असेल तर मागे बूट लावा. मात्र तो बूट लावता-काढता येणारा असेल अशी स्की बघा, बऱ्याच लहान मुलांच्या स्कींवर भोकं दोन्हीसाठी असतात. आधी पट्टा, नाही जमलं तर बूट. म्हणजे आमचं भांडण तुमच्या तळ्यावर मिटेल.

आणि पहिल्यांदा पाण्यातून एका स्कीवर उठवूच नका. जुन्या दोन स्कींवर उठवा आणि एक सोडायला लावा. सोडायच्या पायाचा बूट आधीच ढिला करून ठेवायचा, वजन पुढच्या पायावर न्यायचं, मग टाच उचलून पाय अलगद मागे काढायचा. सोडलेली स्की कुठे पडली ते बोटीतल्या दुसऱ्या माणसाने बघत राहायचं. तुमच्याकडे बोटीत चालकाशिवाय पाहणारा माणूस किंवा रुंद आरसा लागतोच. मी म्हणतो मुलासाठी माणूसच हवा, आरसा मुलाशी बोलत नाही.

गणू_ह्यूस्टन (६ मे, रात्री ११:००)

सगळं सांगून झालंय, मी फक्त वापरलेल्या मालाबद्दल. मुलांच्या स्की दोन उन्हाळ्यांत लहान पडतात, त्यामुळे जुन्या बाजारात चांगल्या मिळतात. मी दोन घेतल्या, एक छान निघाली, एकीने रडवलं.

रडवणारीचं कारण: बुटाच्या स्क्रूभोवती केसाएवढी चीर होती. मला वाटलं वरच्या रंगाची. आतून पाणी शिरत होतं. दोन महिन्यांत फळी फुगली, एके दिवशी स्क्रू बुटासकट हातात. तेव्हा बूट सोडवून खालची जागा बघा, विकणारा नको म्हणाला तर उठून या. तळावर आणि वर अंगठ्याने दाबत जा, कुठे मऊ लागलं तर आत ओल आहे. कडेला नाणं वाजवा, ठक्क वाजायला हवं, बद्द वाजलं तर थर सुटलेत. फिन हलवून बघा, खुळखुळायला नको. बुटाचं रबर ओढून बघा, गराजच्या उन्हात राहिलेलं रबर जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखं तडकतं. नुसते बूट बदलता येतात, पण त्यात नव्या स्कीचे निम्मे पैसे जातात.

तळ्याकाठची (२१ जुलै, रात्री १०:१०)

धाग्याला तोंड दाखवायला उशीर झाला, माफ करा.

स्की मिळाली. ५८ इंची, फायबरग्लास, पोटात रुंद, पन्हळ सलग. एका कुटुंबाची मुलगी तिच्यातून वाढून गेली होती. बूट त्यांच्यासमोर सोडवला, गणूदादांचं नाणं वाजवलं (नवरा लांब गाडीपाशी जाऊन उभा राहिला), सगळं ठक्क. १४० डॉलर. उरलेल्यात मापाचं जॅकेट. आजोबांच्या बोटीत लटकलेलं जॅकेट त्यांच्या मुलाचं होतं, तो मुलगा आता ४५ वर्षांचा आहे.

जूनमध्ये पाणी इतकं गार होतं की वेटसूट घालूनही दहा मिनिटांत ओठ निळे. तेव्हा दोन स्कींवर फक्त पाय उचलून पाहिला. उजव्यावर ठाम उभी, डावा उचलून हसते, डाव्यावर उभी राहिली की डगमगते. लंगडी बरोबर निघाली, हे साताऱ्याला कळवल्यावर तिकडून "मग, मी काय सांगत होते" असं आलं. आईने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

४ जुलैच्या गर्दीत तळ्यावर जायचं टाळलं. १२ तारखेला सकाळी साडेसहाला, पाणी आरशासारखं असताना, पहिला प्रयत्न. स्की सोडायची वेळ आली की ही खाली बघायची आणि जायची. सहा वेळा. सातव्या वेळी मी बोटीत मागे बसून तिच्याकडे तोंड करून पाढे म्हणायला लावले, म्हणजे डोळे माझ्यावर राहिले. सात साते एकोणपन्नासला पाय निघाला. मागचा पाय पट्ट्यात गेला नाही, स्कीवर पट्ट्याच्या अलीकडेच ठेवला, पण उभी राहिली. आजोबांनी मोठ्याने वीसपर्यंत मोजलं. मग तिने डोक्यावर थापटलं, म्हणजे आता घरी चला, आणि हँडल सोडून हळूच पाण्यात बसली. सोडलेली स्की आजींनी कयाकमधून जाऊन वेलींतून काढून आणली.

पुढच्या आठवड्यात पाण्यातून थेट एका स्कीवर. पट्ट्याने जमलं नाही, चार वेळा यारातीरी ताईंनी लिहिलंय तसाच पाय मागे खेचला गेला. मागे बूट लावला तर दुसऱ्या फेरीत उठली. पण आजोबांचा हात तोपर्यंत हलकाही झाला होता, मी दुधाच्या आचेचं सांगितल्यापासून ते गॅस देताना स्वतःशी "मिल्क, मिल्क" म्हणतात. त्यामुळे भांडण मिटलं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा.

आता एक नवा प्रश्न. ती ६७ इंची स्की आम्ही परत केलीच नव्हती, गराजमध्ये होती. गेल्या शनिवारी मुलगी झोपल्यावर नवरा आणि आजोबा गुपचूप ती घेऊन गेले आणि आठ वेळा पडून परत आले. नवऱ्याचे खांदे अजून वर जात नाहीत. वजन १९० पौंड. दांडीकर, याला ही स्की चालेल का, आणि बोट किती वेगाने न्यायची?

दांडीकर (२२ जुलै, सकाळी ६:४०)

स्की त्यांच्या मापाच्या आसपासची आहे, चालेल. उठल्यावर ताशी २८ ते ३० मैल. पण खांदे बरे होईपर्यंत पाण्याचं नाव नको. तोवर दिवाणखान्यात लंगडी घालून कोणता पाय ते ठरवा म्हणावं.